कामाच्या ठिकाणचा आपत्कालीन आराखडा: रात्रपाळीच्या नवख्या माणसालाही पेलेल असा

बहुतेक ठिकाणी आपत्कालीन आराखडा असतोच. सुबक बांधलेला, सही-शिक्क्याचा, ऑडिटच्या दिवशी कपाटातून निघणारा आणि संध्याकाळी परत कपाटात जाणारा. त्यात सुरक्षा धोरण असतं, पहिल्या पानावर साहेबांचा संदेश असतो, मागे दहा परिशिष्टं असतात. रात्री अडीच वाजता पॅनेल रूममधून धूर येताना दिसला, तर चार दिवसांपूर्वी कामाला लागलेल्या माणसानं काय करायचं, हे मात्र त्यात सापडत नाही.

आराखडा लिहिताना प्रत्येक ओळीला एकच कसोटी लावा. पाळीवरचा सर्वांत नवा, सर्वांत कनिष्ठ माणूस ही ओळ कोणालाही न विचारता अमलात आणू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती ओळ अजून लिहून झालेली नाही.

ही कसोटी हवेतून आलेली नाही. २८ मे १९७७ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ‘बेव्हर्ली हिल्स सपर क्लब’ला आग लागली. मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम रंगला होता आणि हजाराहून अधिक माणसं बसली होती. टेबलं आवरणाऱ्या १८ वर्षांच्या मुलानं वरिष्ठाला सांगितलं की हॉल रिकामा करायला हवा. काही हालचाल होईना, तेव्हा तो स्वतःच रंगमंचावर चढला, माईक हातात घेतला, दरवाजे कुठे आहेत ते दाखवलं आणि लोकांना बाहेर पडायला सांगितलं. त्या आगीत १६५ माणसं गेली, पण त्याच्या त्या दोन वाक्यांमुळे कित्येक वाचली. तसं करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता. तुमच्या आराखड्यानं तो आधीच द्यायला हवा.

पायरी १: आधी फिरून या

संगणकापुढे बसून सुरुवात करू नका. दुसऱ्या संस्थेचा नमुना आणून त्यात नाव बदलणं हा सर्वांत सोपा मार्ग, आणि तसा आराखडा दुसऱ्याच्याच इमारतीचा राहतो. त्याऐवजी इलेक्ट्रिशियन, सफाई कामगार, वॉचमन आणि एखादा जुना ऑपरेटर यांना बरोबर घेऊन सगळी जागा पायी फिरा. कुठली वायर तापते, कोणत्या दाराला कायम कुलूप असतं, रिकामी खोकी कुठे साठतात आणि जिन्यातला कोणता दिवा लागत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. मॅनेजरला ते बहुधा माहीत नसतं.

एक फेरी दिवसा मारा, एक रात्री. दिवसा सताड उघडं असलेलं मागचं गेट रात्री साखळीनं बांधलेलं सापडतं, ते असंच.

फिरताना तीन गोष्टी टिपा: काय बिघडू शकतं, ते बिघडलं तर कोण सापडेल, आणि तिथून सुटकेचे दोन वेगळे मार्ग आहेत का. आग आणि स्फोट तर आहेतच. त्याशिवाय रसायनाची गळती, वायूची गळती, विजेचा धक्का, भूकंप, पूर, वादळ, छत किंवा रॅक कोसळणं, एखाद्याला आलेला हृदयविकाराचा झटका, आत शिरलेला हिंसक माणूस, बाँबची धमकी, आणि शेजारच्या कारखान्यातून येणारा विषारी वायू. तुमच्या जागेला जे लागू नाही ते निःसंकोच गाळा.

मग या यादीचे दोन भाग पाडा. कोणत्या संकटात बाहेर पडायचं आणि कोणत्या संकटात आतच थांबायचं? बऱ्याच आराखड्यांत ‘घंटा वाजली की मैदानात’ एवढंच असतं, आणि तिथेच घात होतो. आग लागली तर बाहेर. इमारतीत वायू गळत असेल तर वाटेतल्या एकाही स्विचला हात न लावता बाहेर. पण बाहेरून विषारी वायू येत असेल तर दारं-खिडक्या लावून, एसी आणि पंखे बंद करून आत थांबायचं. भूकंपाचे धक्के बसत असताना धावायचंच नाही. खाली बसायचं, मजबूत टेबलाखाली डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरून ठेवायचा आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडायचं. वादळात काचांपासून दूर, इमारतीच्या आतल्या भागात. हिंसक माणूस आत आला तर शक्य असेल तर निसटायचं, नसेल तर दार आतून अडवून दिवे आणि फोनचे आवाज बंद करून लपायचं.

पायरी २: ‘कोणी ठरवायचं’ याचा निकाल लावा

सगळ्या आराखड्यात मी सर्वाधिक वेळ या पायरीला देईन.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला. पहिल्याच तडाख्यात नियंत्रण कक्ष निकामी झाला. बरेच कामगार शिकवल्याप्रमाणे राहण्याच्या विभागात जमले आणि पुढच्या आदेशाची वाट पाहत राहिले. प्लॅटफॉर्म सोडण्याचा आदेश शेवटपर्यंत आला नाही. वाचलेल्या ६१ जणांपैकी अनेकजण आदेश न येताच आपापली वाट काढून समुद्रापर्यंत पोहोचले होते. दुसरीकडे, पायपरशी पाइपलाइननं जोडलेल्या शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून तेल आणि वायूचा प्रवाह बराच वेळ चालूच होता. आग डोळ्यांनी दिसत होती, तरी वरून परवानगी नसताना उत्पादन थांबवायला तिथले अधिकारी धजले नाहीत. एकूण १६७ माणसं गेली.

म्हणून आराखड्यात हे वाक्य ठळक अक्षरांत असू द्या: आग, धूर किंवा गळती दिसलेली कोणतीही व्यक्ती अलार्म वाजवू शकते आणि यंत्र थांबवू शकते; अंदाज चुकला तरी तिला जाब विचारला जाणार नाही. याखाली मालकाची किंवा सर्वोच्च अधिकाऱ्याची सही घ्या. सही द्यायला कोणी कचरत असेल तर खरी अडचण कुठे आहे ते कळलंच. आणि एकदा का खोट्या अलार्मवरून कुणाला सर्वांसमोर बोलणी बसली, की पुढच्या वेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील.

यानंतर भूमिका ठरवा. आपत्कालीन प्रमुख एक. प्रत्येक मजल्याला किंवा विभागाला एक मार्गदर्शक, जो माणसांना बाहेर काढेल आणि जाता जाता टॉयलेट, मीटिंग रूम, गोदाम अशा विसरल्या जाणाऱ्या जागा बघेल. हजेरी घेणारा एक. अग्निशमन दलाला गेटवर भेटणारा एक. भूमिका नावापुढे न लिहिता पदापुढे लिहा: ‘त्या पाळीचा सुपरवायझर’, ‘गेटवरचा वॉचमन’. माणसं रजेवर जातात, नोकरी सोडतात; पाळीचा सुपरवायझर मात्र कोणीतरी असतोच. प्रत्येक भूमिकेला निदान दोन पर्यायी माणसं हवीत.

काही ठिकाणी यंत्रणा तशीच सोडून जाता येत नाही. बॉयलर, भट्टी, रसायनाची चालू प्रक्रिया एकदम सोडली तर दुसरं संकट ओढवतं. अशा जागी मागे थांबून ती बंद करणारी माणसं आधीच ठरवा. त्यांनी नेमके कोणते व्हॉल्व्ह आणि स्विच बंद करायचे, जास्तीत जास्त किती मिनिटं थांबायचं आणि कोणत्या वाटेनं निघायचं, हेही लिहा. ती वेळ संपली की काम अर्धवट असलं तरी निघायचं.

पायरी ३: खबर सगळ्यांपर्यंत

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ‘ट्रायँगल शर्टवेस्ट’ कारखान्यात आठव्या मजल्यावर आग लागली. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावर फोन गेला. तिथे मालक आणि कार्यालय होतं. मधल्या नवव्या मजल्याला वेळेवर कोणी कळवलंच नाही. त्यातच नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. १४६ जीव गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली. जीव वाचवू शकणारी माहिती वरच्या लोकांकडे गेली आणि कामगारांकडे गेली नाही, इतकं ते सरळ आहे.

तुमच्याकडचा अलार्म प्रत्येक कोपऱ्यात ऐकू येतो का, हे सगळी यंत्रं चालू असताना तपासा. कानाला संरक्षक लावून काम करणाऱ्यांसाठी आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी लुकलुकणारा दिवा हवा. टॉयलेट, गच्ची, तळघर, कोल्ड स्टोरेज तपासायला विसरू नका. आवाज दोनच ठेवा, एक ‘बाहेर पडा’ म्हणून आणि एक ‘आत थांबा’ म्हणून. पाच प्रकारचे भोंगे ऐन वेळी कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. स्पीकर असेल तर साध्या भाषेतली घोषणा आधी लिहून ठेवा, आणि जितक्या भाषांचे कामगार आहेत तितक्या भाषांत. ‘कोड रेड’सारखे सांकेतिक शब्द टाळलेले बरे, पाहुण्याला ते कळत नाहीत.

अग्निशमन दलाला फोन करताना भल्याभल्यांची बोबडी वळते. म्हणून प्रत्येक फोनशेजारी पाच ओळी चिकटवा: पूर्ण पत्ता आणि जवळची खूण, कोणतं गेट, काय घडलंय, किती माणसं जखमी किंवा अडकलेली, आत कोणती घातक रसायनं किंवा सिलिंडर. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. आणि ‘आधी साहेबांना कळवतो, मग दलाला’ हा क्रम आराखड्यात कुठेही दिसता कामा नये.

पायरी ४: वाटा

प्रत्येक जागेपासून दोन वाटा, एकमेकींपासून लांब. दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, आणि गर्दीच्या जागी ते बाहेरच्या दिशेला उघडणारं हवं. कार्ड लावून उघडणारी दारं वीज गेल्यावर किंवा अलार्म वाजल्यावर आपोआप मोकळी होतात का? बसवणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, वीज बंद करून बघा. चोरीच्या भीतीनं दार बंद ठेवावंसं वाटत असेल तर दार उघडताच वाजणारी घंटा बसवा. कुलूप हा त्यावरचा उपाय नव्हे.

जिन्यात काहीही ठेवायचं नाही. ‘फक्त आजच्यापुरतं’ म्हणून ठेवलेली खुर्ची वर्षभर तिथेच राहते. लिफ्ट वापरायची नाही. वीज गेल्यावर लागणारे दिवे महिन्यातून एकदा तपासा. भिंतीवरचा नकाशा लावताना एक चूक सर्रास होते: नकाशातली उजवी बाजू प्रत्यक्षात डावीकडे येते. नकाशासमोर उभं राहिल्यावर कागदावरची दिशा आणि खरी दिशा जुळलीच पाहिजे, आणि ‘तुम्ही इथे आहात’ ही खूण प्रत्येक प्रतीवर वेगळी हवी.

कामगारांना शिकवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. बंद दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू त्याला लावून बघा. गरम असेल तर उघडू नका. धुरातून जावंच लागलं तर वाकून, जमिनीलगत जा, कारण गरम धूर आधी वर साठतो. निघताना दार मागे ओढून घ्या, पण कुलूप लावू नका. बंद दार आग आणि धूर बराच वेळ रोखून धरतं. डबा, पर्स, लॅपटॉप घ्यायला परत फिरू नका.

पायरी ५: जमण्याची जागा आणि मोजणी

जमण्याची जागा इमारतीपासून इतकी दूर हवी की काचा आणि पडणारे तुकडे तिथवर पोहोचणार नाहीत. अग्निशमन गाड्यांच्या वाटेत ती नको. वायूगळतीचा धोका असेल तर वेगवेगळ्या दिशांना निदान दोन जागा ठरवा आणि वारा कुठे वाहतोय ते दाखवणारा कापडी वातदर्शक उंचावर लावा. वाऱ्याला आडवं चालत गळतीच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि वारा जिकडून येतोय त्या बाजूला जमायचं.

मोजणी दिसते सोपी, पण तिथेच बहुतेक आराखडे गडबडतात. पगारपत्रकावरची संख्या आणि या क्षणी आत असलेली संख्या वेगवेगळी असते. कंत्राटी कामगार, पाहुणे, माल उतरवायला आलेला ड्रायव्हर, कॅन्टीनची माणसं कुठल्याच मस्टरवर नसतात. म्हणून गेटवर आत-बाहेरची एकच नोंद ठेवा, आणि ती वही किंवा टॅब घेऊनच वॉचमननं बाहेर पडावं. संगणकातली यादी वीज गेल्यावर सर्व्हरवर सुखरूप राहते, आपल्या उपयोगाची मात्र नसते.

कोणी कमी भरला तर अग्निशमन दलाला दोनच गोष्टी सांगायच्या: कोण, आणि शेवटचा कुठे दिसला होता. त्याला शोधायला सहकाऱ्यांनी आत जायचं नाही. टाकी, खड्डा, मॅनहोल अशा बंदिस्त जागेत तर हा नियम मोडणं जिवावर बेततं. आत पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा आणि त्यामागून तिसराही विषारी वायूनं किंवा ऑक्सिजनच्या अभावानं गेला, असं पुन्हा पुन्हा घडत आलं आहे. सुटकेची साधनं आणि प्रशिक्षण नसेल तर वरूनच मदत मागायची.

परत आत जाण्याची परवानगी कोण देणार तेही लिहा. भोंगा थांबला म्हणजे धोका टळला असं नसतं.

पायरी ६: ज्यांना जिना उतरता येत नाही

व्हीलचेअर वापरणारा सहकारी सर्वांना आठवतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, सातव्या महिन्यातली गरोदर, दम्याचा रुग्ण, नजर कमी असलेला, गर्दीत घाबरून गोठणारा हे आठवत नाहीत. प्रत्येकाला खासगीत विचारा की काय मदत लागेल, आणि ती त्यांच्या शब्दांत लिहा. त्यांच्यासाठी परस्पर ठरवू नका. दोन मदतनीस नेमा, कारण एक रजेवर असेल. धूर न शिरणारी थांबण्याची जागा कोणती, तिथून बाहेर संपर्क कसा करायचा, आणि तिथे कोण थांबलं आहे हे अग्निशमन दलाला कोण सांगणार, हे ठरवून ठेवा. जिन्यावरून उतरवायची खास खुर्ची घेतली असेल तर सरावात तिच्यात कोणाला तरी बसवून उतरवा. प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून टांगलेली खुर्ची ऐन वेळी उलगडायची कशी, हे तिथे उभं राहून शोधायला वेळ नसतो.

पायरी ७: विझवायची की निघायचं

अग्निशामक सिलिंडरबद्दल फाजील विश्वास असतो. हातात धरायच्या बहुतेक छोट्या सिलिंडरचा मारा अर्ध्या मिनिटाच्या आतच संपतो. म्हणून नियम कडक ठेवा: आग कचऱ्याच्या डब्याएवढी लहान आहे, अलार्म वाजवून झाला आहे, सुटकेची वाट तुमच्या पाठीमागे आहे, सिलिंडर त्या आगीसाठी योग्य आहे आणि तुम्ही तो वापरायला शिकला आहात. यांतली एक जरी गोष्ट नसेल तर दार लावून निघा. पहिल्या सिलिंडरनं आग विझली नाही, तरीही निघा.

जळत्या तेलावर आणि चालू विजेच्या उपकरणावर पाणी मारायचं नाही. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा कर्णा वापरताना हातानं धरू नका, तो इतका गार होतो की कातडी भाजल्यासारखी होते. आणि छोट्या बंद खोलीत तो वायू श्वास कोंडतो. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. हे वाचून येत नाही, प्रत्येकानं एकदा तरी खरा सिलिंडर चालवून बघावा.

पायरी ८: रुग्णवाहिका येईपर्यंत

प्रथमोपचार शिकलेली माणसं प्रत्येक पाळीत हवीत. हृदय बंद पडलं आणि छाती दाबायला कोणी सुरुवात केली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाच्या छातीत निदान ५ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. हृदयाला शॉक देणारं स्वयंचलित यंत्र घेतलं असेल तर ते कुलपात ठेवू नका. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं गार वाहतं पाणी, बर्फ नाही. डोळ्यांत रसायन गेलं तर निदान १५ मिनिटं सतत पाणी; म्हणून डोळे धुण्याचा नळ रसायनाच्या जागेपासून काही पावलांवरच हवा, आणि त्याच्यापुढे ड्रम ठेवलेले नकोत. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी पुरवठा बंद करा.

पायरी ९: आता लिहा

मूळ आराखडा दहा-बारा पानांत मावतो. त्यातून प्रत्येक भूमिकेसाठी एकेक पान काढा, क्रियापदानं संपणाऱ्या छोट्या वाक्यांचं: ‘अलार्म वाजवा. गेट उघडा. वही घ्या. रस्त्यावर उभे राहा.’ ‘योग्य ती कार्यवाही करावी’ अशी वाक्यं शोधून काढून टाका. योग्य काय हे सांगायलाच तर आराखडा आहे.

अग्निशमन दलासाठी वेगळं पाकीट करा: इमारतीचा नकाशा, मेन स्विच, गॅसचे व्हॉल्व्ह, पाण्याची टाकी, रसायनांची ठिकाणं आणि प्रमाण. ते गेटवर ठेवा. एक प्रत इमारतीबाहेर कुठेतरी हवीच. तुमच्या भागातला कायदा काय मागतो हे स्थानिक अग्निशमन विभागाकडून तपासून घ्या; बोलावलं तर त्यांचे लोक येऊन जागा बघतात आणि कामाच्या सूचना देतात.

पायरी १०: सराव, आणि तोही वाकडा

पहिला सराव सांगून करा, पुढचे न सांगता. प्रत्येक पाळीचा वर्षातून निदान दोनदा. दरवेळी एक अडथळा घाला: मुख्य जिन्यावर ‘इथे आग आहे’ अशी पाटी, आपत्कालीन प्रमुखाला आधीच बाजूला घेणं, किंवा एकाला गुपचूप आत थांबवून हजेरीत ते कोणाच्या लक्षात येतं का बघणं. सगळं सुरळीत झालेल्या सरावातून फारसं कळत नाही.

एकूण वेळेपेक्षा भोंगा वाजल्यापासून पहिला माणूस उठेपर्यंतचा वेळ मोजा. लोक जिन्यात जितकी मिनिटं घालवतात, अनेकदा त्याहून जास्त ‘खरंच आहे का?’ असं एकमेकांना विचारण्यात घालवतात. साहेब फोन संपवून उठत असतील तर त्यांच्यामागे सगळा मजला बसून राहतो, म्हणून वरिष्ठांनी सर्वांत आधी उठलं पाहिजे.

सराव संपल्यावर तिथेच, मैदानातच, दहा मिनिटं बोला. कोणाला भोंगा ऐकू आला नाही, कोणतं दार अडकलं, कोण चुकीच्या गेटला गेलं. प्रत्येक त्रुटीपुढे दुरुस्त करणाऱ्याचं पद आणि तारीख लिहा, आणि पुढच्या सरावाची सुरुवात ती यादी तपासूनच करा.

नवीन यंत्र आलं, भिंत हलली, पाळीच्या वेळा बदलल्या, गोदामात नवा माल आला, रस्त्यावर खोदकाम सुरू होऊन एक गेट बंद झालं, की आराखडा त्याच आठवड्यात बदला. नव्या माणसाला पहिल्या दिवशी, काम दाखवण्याआधी, दोन्ही वाटांनी चालवत जमण्याच्या जागेपर्यंत न्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आवृत्तीची तारीख टाका आणि नवी प्रत लावताना जुनी भिंतीवरून काढून फाडून टाका. दोन वेगवेगळ्या जमण्याच्या जागा सांगणारे दोन कागद शेजारी-शेजारी लटकत असतील, तर निम्मी माणसं एकीकडे आणि निम्मी दुसरीकडे जमतील आणि दोन्हीकडची हजेरी कमीच भरेल.